सांगाड्यातली बाई

‘ती पिशवी झाक आधी,’ डॉक्टर म्हणाले.

मराठीत म्हणाले. हळू आवाजात, हसत हसत. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती आपुलकीनं चौकशी करतायत.

पिशवी म्हणजे माझ्या लघवीची. पोटातून एक नळी निघते आणि पिंढरीला बांधलेल्या पिशवीत उतरते. तीन वर्षं झाली, असंच आहे. जानेवारीतली सकाळ, रस्त्यावर न दिसणारा बर्फ, मी सायकलवरून ड्यूटीला निघालेली. एडिनबरातल्या एका उतारावर चाक सरकलं आणि पाठ फुटपाथच्या कडेवर आपटली. तेव्हापासून छातीच्या खालचं काही कळत नाही. पाय कळत नाहीत, पोट कळत नाही, लघवी भरलेली कळत नाही.

त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिममध्ये बसले होते, अंगावर सांगाडा चढवून. सांगाडा हे मी ठेवलेलं नाव. खरं नाव रोबोटिक एक्सोस्केलेटन. कमरेला आणि गुडघ्यांना मोटारी, पाठीवर बॅटरी, नडगीला, मांडीला, छातीला रुंद पट्टे. बटण दाबलं की तो उठतो आणि तुम्हाला घेऊन उठतो. मग बीप वाजतो, आणि माझा मेलेला पाय पुढं पडतो.

‘दिसते का पिशवी, सर?’ मी विचारलं.

‘दिसते म्हणजे? पाहुणे येतायत. कुणाला हौस आहे ते बघायची? वर घे, मांडीवर. कुडत्याखाली.’

मी स्वतः नर्स. अकरा वर्षं वॉर्डात हेच केलं. नळीला पीळ पडू द्यायचा नाही, पिशवी दाबू द्यायची नाही, हे मी नव्या पोरींकडून घोकून घेतलेलं. तरी माझा हात गेला. पिशवी सोडवली, वर ओढली, मांडीच्या पट्ट्याखाली सरकवली. त्यासाठी पट्टा सैल करावा लागला. तो परत आवळला डॉक्टरांनी, स्वतःच्या हातानं.

‘हं, आता कशी माणसात आलीस,’ म्हणाले.

फिजिओ मॉयरा तेव्हा दाराशी पाहुण्यांना आत घेत होती. जाण्याआधी तिनं पट्टे, नळी, कातडी सगळं तपासलं होतं. परत येऊन तिनं विचारलं, ‘ऑल सेट?’

‘ऑल सेट,’ डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा राग मला अजून येतो.

आता हा माणूस माझा कोण, ते सांगते. हे कन्सल्टंट. पुण्याचे. या देशात येऊन तीस वर्षं झालेले. सांगाड्याच्या ट्रायलचे प्रमुख. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते यांच्या हातात. पहिल्या अपॉइंटमेंटला फाइलवरचं नाव वाचून त्यांचा चेहरा खुलला होता.

‘अरे वा! मराठी! तुम्ही पुण्याच्या का?’

‘पिंपरीची.’

‘नाही, मूळ गाव?’

सांगितलं. मग वडील काय करायचे. तेही सांगितलं. मग आडनावाकडं परत एकदा बघितलं.

‘अच्छा, अच्छा. म्हणजे जयभीमवाले. छान, छान. तुमच्यातही आता खूप लोक पुढं आलेत.’

पुढच्या वाक्यापासून मी ‘तू’ झाले. बाजूला मॉयरा उभी होती, कौतुकानं बघत. तिला वाटलं, दोघांना आपापलं माणूस भेटलं. तिची काय चूक? सात समुद्र ओलांडले तरी हे वास घेणं सुटत नाही, हे त्या स्कॉटिश बाईला कुणी सांगायचं?

मी ते गिळलं. का गिळलं, तेही खोटं न बोलता सांगते. मला सांगाडा पाहिजे होता. तीन वर्षं मी चाकाच्या खुर्चीतून माणसांच्या पोटाशी बोलत होते. कमरपट्टे, पर्सा, लहान पोरांची तोंडं, एवढंच माझ्या उंचीला. पहिल्या सेशनला सांगाड्यानं मला उभं केलं आणि समोरच्या खिडकीतून मला टेकडी दिसली. नुसती टेकडी. मी ढसाढसा रडले. श्वास छातीत खोल उतरला. घरी येऊन आईला पिंपरीला फोन केला, म्हटलं, ‘आई, मी उभी राहिले.’ ती म्हणाली, ‘परत सांग.’ त्या एका गोष्टीसाठी मी काय काय ऐकून घेतलं असतं, देव जाणे. आम्ही देव मानत नाही, तरी म्हणते.

आणि आणखी एक. त्यांनी मराठीत विचारलं की मी मराठीत उत्तर द्यायची. मोठं माणूस आपल्या भाषेत बोलतंय आणि आपण इंग्रजी झाडायचं, हा शिष्टपणा झाला, असं आमच्या अंगात मुरलेलं. शिवाय खरं सांगू? बरं वाटायचं. दिवसभर स्कॉटिश इंग्रजी ऐकून कान शिणलेले असायचे. त्यात कुणी ‘काय गं, आज कशी आहेस?’ म्हटलं की जीव हलका व्हायचा. मला वाटायचं, चला, एवढं तरी आपलं.

म्हणून तिसऱ्या सेशनला मी त्यांना मराठीत सांगितलं, ‘सर, उजव्या नडगीवर लाल डाग राहतोय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जात नाही.’ ज्या कातडीला कळत नाही, तिच्यावरचा लाल डाग ही साधी गोष्ट नाही. ‘बघतो मी, सांगतो मॉयराला,’ म्हणाले. पाचव्या सेशनला परत सांगितलं. ‘हो गं, सांगितलंय.’ पट्टा मात्र त्याच खाचेत. मी म्हटलं, सांगितलंय म्हणतात, म्हणजे सांगितलं असेल.

आता तो पाहुण्यांचा दिवस.

आठ जण आले होते. तिघं गोरे, कुठल्या तरी संस्थेचे. बाकी डॉक्टरांच्या मराठी मंडळातले. नटूनथटून आलेले, हातात फोन. डॉक्टरांनी भाषण सुरू केलं. भाषण लांबलं. मी सांगाड्यात बसलेली. सकाळपासून दोन मग चहा प्यायलेली. मॉयरानं दोनदा घड्याळ बघितलं. अर्ध्या तासानं त्यांनी माझ्याकडं हात केला. मॉयरानं बटण दाबलं आणि मी उठले.

टाळ्या.

मॉयरा मागून कंबर धरून. बीप. पाय पुढं. बीप. दुसरा पाय. टेकडी दिसली, पण त्या दिवशी तिच्याकडं बघवेना. डोक्याच्या मागं काहीतरी ठोकायला लागलं होतं.

माझ्यासारख्यांच्या अंगात एक गोम असते. खाली काही अडलं, तुंबलं, रुतलं, तर आपल्याला कळत नाही, पण अंगाला कळतं. रक्ताचा दाब चढत जातो. डोकं फुटायला लागतं, तोंड लाल होतं, छातीच्या वर घाम सुटतो. तेव्हा लगेच बसवायचं आणि अडलेलं मोकळं करायचं. नाही केलं तर झटका, नाहीतर मेंदूत रक्त. मी वॉर्डात असं गेलेलं माणूस बघितलंय. सकाळी माझ्याशी फुटबॉलवर बोललेलं.

मी ओळखलं. पिशवी.

‘सर, डोकं ठणकतंय,’ मी म्हटलं. ‘मला बसवा.’

मागून मॉयरानं विचारलं, ‘व्हॉट डिड शी से?’

‘शी इज फाइन,’ डॉक्टर म्हणाले. ‘जस्ट अ बिट इमोशनल.’

तेवढ्यात मंडळातली एक बाई पुढं आली. पैठणी, नथ, हातात तबक. तबकात कुंकू, अक्षता, सुपारी आणि एक दिवा. दिवा बॅटरीचा. हॉस्पिटलात खऱ्या ज्योतीनं अलार्म वाजतो ना, म्हणून प्लास्टिकची ज्योत लुकलुकत होती. ‘पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभी राहिलीय पोर,’ ती म्हणाली, ‘औक्षण नको करायला?’

मला कुणी विचारलं नाही. मी बौद्ध आहे, आमच्यात हे नसतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. बाईनं अंगठ्यानं माझ्या कपाळावर कुंकू दाबलं. मी लहान असताना कॉलनीतल्या एका घरी आईला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. बाकीच्या बायकांना बोटानं लावलं आणि आईच्या हातात कागदाची पुडी दिली. बोट लागू नये म्हणून. आई पुडी मुठीत धरून घरी आली आणि मोरीत रिकामी केली. त्याच कुंकवाला आता माझ्या कपाळाचा विटाळ नव्हता, कारण तिघं फोन धरून शूटिंग करत होते.

तबक फिरायला लागलं. डोक्यात घण पडत होते. कपाळावरून घामाची धार लागली आणि कुंकू नाकावर उतरलं.

‘अगंबाई, घामानं कुंकू पसरलं बघा!’ कुणीतरी हसलं.

‘सर,’ मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. ‘नळी दाबली गेलीय. बसवा मला. आत्ता.’

त्यांना कळलं होतं. डॉक्टर आहेत ते. माझं तोंड लाल झालेलं, घाम गळतोय, मी नळी म्हणतेय. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. ते माझ्या कानाशी वाकले.

‘एवढं ओवाळून होऊ दे. पाच मिनिटं सहन कर. तुमच्या लोकांना सवय असते सहन करायची.’

मग ताठ होऊन पाहुण्यांकडं वळले आणि म्हणाले, ‘शी इज थँकिंग एव्हरीवन.’

पाहुण्यांनी परत टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांत मला कळलं. हा माणूस माझ्या जिवावर उभा होता, आणि माझ्या तोंडावर याचा हात होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी बसवा म्हणतेय, आणि माझ्याच तोंडून आभार निघतायत. मी मेले असते तरी यानं सांगितलं असतं, शी इज रेस्टिंग. माझा आवाज याच्या हातून जात होता, आणि तो मीच याच्या हातात दिला होता. आपलं माणूस म्हणून.

डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. तरी जेवढा श्वास होता तेवढा गोळा केला.

‘स्टॉप!’ मी ओरडले. ‘मॉयरा, सिट मी डाउन! माय बॅग इज ब्लॉक्ड!’

‘वन मिनिट, मॉयरा,’ डॉक्टर म्हणाले.

मॉयरानं ते मिनिट दिलं नाही. सांगाडा खाली गेला, मी खुर्चीत आले. तिनं कुडता वर केला, पट्ट्याखाली चेपलेली पिशवी बघितली, एक शिवी हासडली आणि पट्टा कात्रीनं कापला. ओढाओढीत नळी निसटली. लघवी जिमच्या फरशीवर पसरली. आठही पाहुणे मागं सरकले. बाईनं पैठणी वर उचलली, तबक कलंडलं, अक्षता त्या ओल्यात पडल्या.

मला लाज वाटली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी तिथं नागव्या मांडीनं बसले होते आणि एकेकाच्या डोळ्यात बघत होते. सगळ्यांनी नजरा काढून घेतल्या. ब्लडप्रेशरचा वरचा आकडा दोनशेच्या पुढं गेलेला. मॉयरा दर मिनिटाला तो परत मोजत होती.

दोन तासांनी दाब उतरला. मी वॉर्डात, पडद्याआड. डॉक्टर आले, पडदा ओढून घेतला आणि खुर्ची जवळ ओढून बसले.

‘घाबरलीस ना? होतं असं,’ म्हणाले. ‘आता तो इन्सिडेंट फॉर्म येईल. उगाच वाढवू नकोस. पट्टे मॉयरानं बांधले होते, एवढंच लिही.’

‘पट्टा तुम्ही आवळलात, सर.’

‘आणि पिशवी कुणी सरकवली? तुझ्याच हातानं ना?’ ते हसले. ‘हे बघ, आपलेच दात आणि आपलेच ओठ. परक्या देशात आपण एकमेकांना सांभाळायचं असतं. आणि ट्रायलमध्ये पुढं कुणाला ठेवायचं ते शेवटी मीच बघतो. तुला चालायचंय ना?’

सकाळी मी जयभीमवाली होते. दुपारी आपली झाले. नोकरी घालवायची होती ती मॉयराची, जिनं मला खाली बसवलं. आणि मला चालायचं होतं. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते त्यावर बोट ठेवून बसले होते, जखमेवर ठेवावं तसं.

‘मला सगळं आठवतंय, सर,’ मी म्हटलं.

ते उठले. जाताना पडदा उघडा टाकून गेले.

मी रेकॉर्ड मागवलं. इथं पेशंटला तो हक्क आहे. घरपोच जाड पाकीट आलं. सातही सेशनच्या नोंदी, मॉयराच्या अक्षरात. तिसरं सेशन: पेशंट आनंदी, कन्सल्टंटशी मातृभाषेत गप्पा, तक्रार नाही. पाचवं सेशन: पेशंट समाधानी, तक्रार नाही. नडगीचा डाग कुठंच नाही. मी सांगितलेली एक गोष्ट नाही. सात आठवडे मी घसा कोरडा करत होते आणि कागदावर मी नुसती हसत होते.

मॉयरा भेटायला आली. मी कागद तिच्यापुढं टाकले. ती वाचत गेली आणि तिचे कान लाल झाले.

‘आय ऑलवेज आस्क्ड हिम,’ ती म्हणाली. ‘आय नेव्हर आस्क्ड यू.’

‘नो,’ मी म्हटलं, ‘यू डिडन्ट.’ तिला सोडलं नाही. चांगली आहे म्हणून सोडायचं, हे आता बंद.

तोवर नडगीचा डाग फुटला होता. आता तिथं रुपयाएवढी जखम आहे, खोल. नर्स रोज येऊन पट्टी बदलते. पाय बांधून ठेवलेला, सांगाड्याचा पट्टा त्यावर चढणं शक्य नाही. कधी भरेल, कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही. नर्स आहे, कळतं. हाडापर्यंत गेली तर पाय जाईल. रोज पट्टी सुटते तेव्हा मी त्या बाईच्या चेहऱ्याकडं बघते.

आईला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, मोठ्या माणसांशी वाकडं नको. जन्मभर दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘पिशवी तूच सरकवलीस, ते पण लिही. नाहीतर तो तेवढंच धरून बसंल.’

लिहिलं. माझा हात, त्यांचा हात, कुणी काय म्हटलं, शब्दन् शब्द. आधी मराठी वाक्य, खाली इंग्रजीत अर्थ. ‘तुमच्या लोकांना सवय असते’ याचा अर्थ लिहायला मला अख्खी दुपार लागली. ‘युअर पीपल’ म्हणजे कोण, ते खाली वेगळं पान जोडून सांगितलं. गाव विचारण्यापासून.

चौकशीची मीटिंग ऑनलाइन झाली. मी पलंगावर कुशीवर, लॅपटॉप उशीला टेकवलेला. पडद्यावर हॉस्पिटलचे चौघं, मॉयरा, आणि एका चौकटीत डॉक्टर. मंडळातल्या दोघांनी त्यांच्या बाजूनं पत्रं दिली होती, ती आधीच वाचून झालेली. मी भावनेच्या भरात गैरसमज करून घेतला, अशी. औक्षणाचा व्हिडिओ मात्र कुणाकडंच सापडला नव्हता. तीन फोनांतून एकदम गेलेला. अध्यक्षबाई माझ्याकडं वळणार, एवढ्यात डॉक्टर पुढं वाकले. तोच मऊ आवाज.

‘काय गं, कशी आहेस? पाय कसा आहे? जेवतेस ना नीट?’

चौघंही हसऱ्या चेहऱ्यानं थांबले. किती माणुसकी आहे बघा या डॉक्टरात, हे त्या चारही तोंडांवर लिहिलेलं. माझ्या जिभेवर उत्तर आलंसुद्धा. ‘बरी आहे, सर.’ एवढं म्हटलं असतं की पुढचं सगळं भाषांतर तेच करणार होते. मॉयरा मान खाली घालून बसलेली. तिची नोकरी माझ्या तोंडात होती. आणि माझा सांगाडा यांच्या खिशात.

‘इंग्लिश, प्लीज, डॉक्टर,’ मी म्हटलं. ‘अँड पुट द क्वेश्चन इन द मीटिंग मिनिट्स.’

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. ते डोळे मी ओळखते. या माणसाचा हात लांब आहे, आणि आजची ही ओळ तो आयुष्यभर विसरणार नाही. मला सांगाडा परत मिळेल असं मला वाटत नाही. नको मिळू दे. मिळालाच, तर त्यात उभं राहून कुणाचे आभार मानणार नाही.

‘आय वॉज ओन्ली आस्किंग हाउ शी इज,’ ते म्हणाले.

‘देन आय विल टेल यू,’ मी म्हटलं, आणि पहिल्या अपॉइंटमेंटपासून वाचायला लागले.